जुनं इंजिन मशीन शॉपमध्ये तपासून घेण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिन उघडलं की दोन घाया सुरू होतात: पार्ट मागवायची आणि परत बांधायची. खाली जे प्रश्न आहेत ते बहुतेक या घाईतूनच येतात. माझं एक सांगणं सगळ्या उत्तरांत पुन्हा पुन्हा दिसेल: मोजमापाचा कागद हातात येईपर्यंत एकही पिस्टन, एकही बेअरिंग विकत घेऊ नका.

गाडी चालते आहे. इंजिन खोलायलाच हवं का, हे आधी कसं ठरवायचं?

खोलण्याआधी दोन चाचण्या करून घ्या. पहिली कॉम्प्रेशनची. इंजिन गरम हवं, सगळे स्पार्क प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडं, बॅटरी भरलेली. यातलं एक जरी राहिलं तरी आकडे खोटे येतात. उतरलेल्या बॅटरीवर चांगलं इंजिनही मेलेलं दिसतं. आकडा किती हवा ते त्या इंजिनाच्या मॅन्युअलात असतं, पण त्याहून बोलका असतो तो सिलिंडरांमधला फरक. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी यांत १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त अंतर पडलं तर आत काहीतरी आहे असं धरा. पेट्रोल इंजिन असेल तर कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर संशय रिंगांवर आणि बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या गोल भिंतीवर), जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर. डिझेलला ही युक्ती लावू नका.

दुसरी चाचणी गळतीची. पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून हवा सोडतात आणि किती टक्के निसटते ते गेजवर वाचतात. १० टक्क्यांच्या आत असेल तर सिलिंडर चांगला, २० च्या वर गेलं की काळजीचं. पण या चाचणीत खरं काम कानाचं असतं. सुस्कारा इनटेकमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर गॅस्केट गेली आहे किंवा कुठेतरी तडा आहे.

या दोन्हींत इंजिन साफ निघालं, ऑइल खात नाही, आवाज नाही, ऑइल प्रेशर ठीक आहे, तर ते उघडू नका. चालतं इंजिन नुसत्या कुतूहलापोटी खोलणं मला पटत नाही.

गॅरेजमध्येच तपासलं तर चालत नाही का? मशीन शॉप वेगळं काय करतं?

गॅरेजचं काम इंजिन उतरवणं, खोलणं, बांधणं. मशीन शॉपचं काम धातू मोजणं आणि कापणं. चांगला मेकॅनिक डोळ्यांनी बरंच ओळखतो, पण बोअर ०.०५ मिमी झिजला आहे की ०.१२ मिमी, हे कुणाच्याही डोळ्याला दिसत नाही. इंजिन पुन्हा किती वर्षं चालणार ते या दोन आकड्यांमधल्या फरकावर ठरतं.

इंजिन अख्खं न्यायचं की खोलून?

शॉप खोलून देत असेल आणि तुम्हाला सवय नसेल, तर अख्खं न्या. खोलताना जे दिसतं ते निम्मं निदान असतं, आणि ते अनुभवी डोळ्यांसमोर घडलेलं बरं.

स्वतः खोलणार असाल तर काही गोष्टींवर तडजोड नको. मेन कॅप (क्रँक ब्लॉकला धरून ठेवणाऱ्या) आणि कनेक्टिंग रॉडच्या कॅप ज्या जागच्या त्याच जागी आणि त्याच दिशेनं राहिल्या पाहिजेत. त्यांची भोकं कॅप बसवून मशीन केलेली असतात. अदलाबदल झाली की भोक गोल राहत नाही. खुणा नसतील तर खोलण्याआधी नंबर घाला. टॅपेट, रॉकर, पुशरॉड, व्हॉल्व्ह हे सगळं आपापल्या सिलिंडरच्या नावानं वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. बेअरिंगचे शेलसुद्धा (त्याच्या अर्धगोल पट्ट्या) कुठला वरचा, कुठला खालचा, कितव्या नंबरचा ते लिहून ठेवा. ते बदलायचेच असतात म्हणून भंगारात टाकले जातात आणि त्यांच्याबरोबर इंजिनाचा इतिहासही जातो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

हेडचे बोल्ट मॅन्युअलात दिलेल्या उलट्या क्रमानं, बाहेरून आत, थोडे थोडे करून आणि इंजिन पूर्ण थंड असताना सोडा. गरम अ‍ॅल्युमिनियम हेड एका बाजूनं सोडलं तर ते तिथंच वाकू शकतं. आणि गॅस्केटचे अवशेष काढायला ग्राइंडरवर खरखरीत चकती लावू नका. त्या चकतीची भुकटी ऑइलच्या वाटांत जाऊन बसते, शिवाय अ‍ॅल्युमिनियमवर खळगे पडतात.

सोबत काय काय न्यायचं?

ब्लॉक मेन कॅपसकट, क्रँक, रॉड आणि पिस्टन, हेड त्याच्या कॅमशाफ्ट आणि कॅमच्या कॅपसकट, फ्लायव्हील आणि क्रँकची पुढची पुली. इंजिनाचा कोड आणि नंबर लिहून न्या, कारण एकाच मॉडेलच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळी इंजिनं बसलेली असतात आणि त्यांच्या मर्यादाही वेगळ्या असतात. इंजेक्टर, सेन्सर, अल्टरनेटर, मॅनिफोल्ड घरीच ठेवा. शॉपला त्यांचं काम नसतं आणि तिथल्या गर्दीत छोटे भाग हरवतात.

इंजिन का खोललं, हेही नीट सांगा. एकदा गरम झालं होतं का, पाण्यातून गाडी काढली होती का, ऑइलचा दिवा लागला होता का, हे सगळं सांगा. लपवण्यात तुमचाच तोटा आहे, कारण शॉप कुठे जास्त बारकाईनं बघायचं ते यावरून ठरवतं.

आधी धुतात की आधी बघतात?

आधी बघायला हवं. धुतल्यावर पुरावा जातो. ऑइलच्या चाळणीत अडकलेले धातूचे कण, कॉफीच्या रंगाचं ऑइल, एकाच सिलिंडरचा पिस्टन वाफेनं धुतल्यासारखा स्वच्छ (म्हणजे त्यात पाणी उतरत होतं), हेडवर गॅस्केटच्या कडेनं काळा मार्ग काढलेला वायू, हे सगळं धुण्याच्या टाकीत नाहीसं होतं. शॉपमध्ये ठेवून परत येण्याआधी स्वतः फोटो काढून घ्या.

मोजमाप मात्र धुतल्यावरच होतं. ऑइलचा वाळलेला थर किंवा कार्बन मायक्रोमीटरच्या जबड्यात आला की आकडा गेला. लोखंडी ब्लॉक कॉस्टिकच्या गरम टाकीत टाकतात. अ‍ॅल्युमिनियमचं हेड त्याच टाकीत गेलं तर कॉस्टिक सोडा ते खातो. तेव्हा दोन्ही धातूंसाठी वेगळी सोय आहे का ते विचारा. ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेचे प्लग काढून आतून ब्रश फिरवतात का, हेही विचारा. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या ब्लॉकच्या त्या वाटेत जुन्या बेअरिंगचा चुरा राहिला, तर पहिल्या सुरुवातीलाच तो नव्या बेअरिंगमध्ये जातो.

जुन्या बेअरिंगवरून खरंच काही कळतं का?

फार कळतं. मला विचाराल तर इंजिनातला सगळ्यांत प्रामाणिक भाग हाच.

शेल टेबलावर क्रमानं मांडा, वरचे एका ओळीत, खालचे दुसऱ्या. स्फोटाचा जोर पिस्टन खाली ढकलतो, म्हणून रॉडच्या वरच्या शेलवर आणि मेनच्या खालच्या शेलवर जास्त झीज असणं साहजिक आहे. ती करड्या रंगाची, एकसारखी असेल तर इंजिन म्हातारं झालं आहे, आजारी नाही. वरचा मऊ थर जाऊन खालचा तांबूस थर दिसू लागला असेल तर बेअरिंगचं आयुष्य संपलं होतं.

गोल फिरत गेलेले ओरखडे आणि थरात रुतलेले कण म्हणजे घाण: फिल्टर वेळेवर बदलला नाही, किंवा मागच्या वेळी बांधताना स्वच्छता राखली नाही. चमकदार, पुसल्यासारखा, सरकून कडेला गेलेला धातू म्हणजे ऑइल पोहोचत नव्हतं. सगळ्या शेलवर असं दिसलं तर पंप, चाळणी किंवा ऑइलची पातळी बघा. एकाच शेलवर दिसलं तर तिथं जाणारी वाट बघा. वरच्या शेलवर एका कडेला आणि खालच्या शेलवर विरुद्ध कडेला झीज असेल तर तो रॉड वाकलेला किंवा पिळलेला आहे. मधल्या मेन बेअरिंगवर झीज जास्त आणि टोकांकडे कमी, असा क्रम दिसला तर क्रँक वाकला आहे किंवा ब्लॉकमधली मेन बेअरिंगची भोकं एका रेषेत राहिलेली नाहीत. ऑइलमध्ये पाणी किंवा आम्ल राहिलं असेल तर पृष्ठभागावर काळपट बारीक खड्डे पडतात.

शॉपवाल्यासोबत दहा मिनिटं उभं राहून ही ओळ वाचा. कुठे मोजायचं याची यादी त्यातूनच तयार होते.

तडा कसा शोधतात?

धातूवर अवलंबून आहे. लोखंड किंवा पोलाद असेल, म्हणजे ओतीव ब्लॉक, क्रँक, रॉड, तर चुंबकीय पद्धत वापरतात. भाग चुंबकित करून त्यावर बारीक लोखंडी भुकटी सोडली की तडा असेल तिथं भुकटी रेघेत जमा होते. चुंबकाची रेषा तड्याला आडवी गेली तरच हे घडतं, म्हणून दोन दिशांनी तपासावं लागतं. एकाच दिशेनं केलेली तपासणी अर्धी समजा. मशीन शॉपमध्ये याला सर्रास ‘मॅग्नाफ्लक्स’ म्हणतात. ते १९३४ मध्ये सुरू झालेल्या एका अमेरिकन कंपनीचं नाव आहे.

अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाही. तिथं रंगीत द्रव लावतात, तो तड्यात झिरपू देतात, वरचा पुसतात आणि पांढरी पावडर मारतात. तड्यात राहिलेला रंग पावडरीवर उमटतो.

या दोन्ही पद्धती पृष्ठभागाचे तडे दाखवतात. पाण्याच्या जॅकेटच्या आत, नजर पोहोचत नाही तिथं असलेला तडा शोधायला प्रेशर टेस्ट लागते. हेडच्या पाण्याच्या सगळ्या वाटा रबर लावलेल्या प्लेटनी बंद करतात, आत हवेचा दाब भरतात (साधारण २ ते ४ बार) आणि हेड कोमट पाण्यात बुडवतात. पाणी कोमट असण्याला कारण आहे: काही तडे थंड धातूत मिटलेले असतात आणि गरम झाल्यावरच उघडतात. बुडबुडा कुठून येतो त्यावरून जागा कळते.

इंजिन एकदा जरी तापून बंद पडलं असेल तर हेडची प्रेशर टेस्ट वगळू नका. तडा असलेल्या हेडवर फेसिंग करून (खालचा फेस कापून सपाट करून), व्हॉल्व्हचे नवे गाइड टाकून, व्हॉल्व्हच्या सीट कापून मग तो सापडला तर सगळी मजुरी पाण्यात. म्हणून ही चाचणी कामाच्या सुरुवातीला व्हायला हवी.

हेडमध्ये दोन व्हॉल्व्हच्या सीटमध्ये बारीक रेघ दिसते. हेड बाद का?

लगेच बाद धरू नका. काही डिझेल इंजिनांच्या मॅन्युअलात ठरावीक रुंदीपर्यंतचा असा पृष्ठभागावरचा तडा चालतो असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलात तशी सूट नसेल, किंवा प्रेशर टेस्टमध्ये तिथून हवा येत असेल, तर हेड दुरुस्त करावं लागेल किंवा बदलावं लागेल.

हेड वाकलं आहे म्हणतात. फेसिंग केलं की झालं ना?

बहुतेक वेळा होतं, पण नेहमी नाही. आधी मोजणं समजून घ्या. हेडच्या फेसवर सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फीलर गेज सरकवतात. मर्यादा प्रत्येक इंजिनाची वेगळी. आजच्या अनेक अ‍ॅल्युमिनियम हेडना ०.०५ मिमी एवढीच सूट असते.

आता अडचण कुठे आहे ते बघा. ज्या हेडमध्ये कॅमशाफ्ट वर बसतो, ते वाकलं म्हणजे खालचा फेस एकटाच वाकत नाही, वरची कॅमची भोकंही त्याच्याबरोबर रेषेतून हलतात. फक्त खालून कापून फेस सपाट केला तर कॅम वाकड्या भोकांत फिरत राहतो, आवळून चालतो, काही वेळा तुटतो. म्हणून फेसिंगआधी कॅम त्याच्या जागी ठेवून, कॅप कसून हातानं फिरतो का ते बघायला सांगा. अडकत असेल तर हेड आधी गरम करून सरळ करावं लागतं, मग फेसिंग, आणि गरज पडली तर कॅमची भोकं पुन्हा रेषेत आणणं.

शिवाय हेडची किमान जाडी मॅन्युअलात दिलेली असते. मागे कुणी फेसिंग केलं असेल तर कापायला धातू उरलेलाच नसतो. जास्त कापलं की कॉम्प्रेशन वाढतं, व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि चेन किंवा बेल्टवर चालणाऱ्या कॅमचं टायमिंग किंचित मागे पडतं. काही डिझेल हेडना तर फेसिंगची परवानगीच नसते. डिझेलमध्ये पिस्टन ब्लॉकच्या फेसच्या किती वर येतो ते मोजून त्याप्रमाणे गॅस्केटची जाडी निवडतात. गॅस्केटच्या कडेला त्यासाठी खाचा किंवा भोकं असतात. जुन्या गॅस्केटवरच्या खाचा मोजून ठेवा.

पत्र्याच्या अनेक थरांची गॅस्केट असेल तर फेस फार गुळगुळीत लागतो. बोटानं जाणवतील अशा रेघा राहिल्या तर पाणी त्यातूनच वाट काढेल.

सिलिंडर कुठे आणि कसा मोजतात?

बोअर गेजनं तीन उंचींवर: वर, जिथं पहिली रिंग थांबते त्याच्या जरा खाली, मध्ये, आणि तळाशी. प्रत्येक उंचीवर दोन दिशांत: क्रँकच्या रेषेत आणि तिला आडवं. म्हणजे एका सिलिंडरचे सहा आकडे. चार सिलिंडरचे चोवीस. शॉपनं तुम्हाला एकच आकडा सांगितला तर बाकीचे कुठे आहेत ते विचारा.

झीज वर जास्त असते, कारण तिथं दाब आणि उष्णता सर्वाधिक आणि ऑइल सर्वांत कमी. आडव्या दिशेत जास्त असते, कारण रॉड तिरका असताना पिस्टन एका भिंतीवर रेलतो. वरच्या आणि खालच्या आकड्यातला फरक म्हणजे टेपर, दोन दिशांमधला फरक म्हणजे लंबगोलपणा. दोन्ही मर्यादेत असतील तर नुसतं होनिंग (बोअर दगडानं बारीक घासणं) आणि नव्या रिंगा पुरतात. मर्यादेबाहेर असतील तर बोअरिंग करून (बोअर कापून मोठा करून) मोठे पिस्टन. बऱ्याच इंजिनांना ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी मोठे पिस्टन मिळतात, पण सगळ्यांना सगळे नाही.

०.१२ मिमी झीज आहे. मग ०.२५ चा पिस्टन सहज बसेल ना?

इथेच हिशेब फसतो. समजा मूळ बोअर ८०.०० मिमी होता आणि आता वर ८०.१२ भरतो. झीज दोन्ही भिंतींवर सारखी असेल तर प्रत्येक बाजूला ०.०६ गेले, आणि ८०.२५ ला बोअरिंग केलं की सगळीकडे भरपूर धातू कापायला मिळतो. पण झीज जवळजवळ पूर्ण एकाच भिंतीवर असेल, तर मूळ मध्यापासून ती भिंत ४०.१२ मिमी दूर गेलेली आहे. नव्या बोअरची त्रिज्या ४०.१२५. म्हणजे त्या बाजूला कापायला उरले फक्त ०.००५ मिमी. इतक्या थोड्या कापणीत जुने ओरखडे निघत नाहीत आणि होनिंगसाठीही काही राहत नाही. मध्य सरकवून कापलं तर सिलिंडर क्रँकच्या रेषेत राहत नाही. अशा वेळी ०.५० कडे जावं लागतं. पिस्टन आधी मागवले असतील तर ते गेले.

पिस्टनचे प्रत्यक्ष माप घेऊनच शेवटचं होनिंग करतात. म्हणून क्रम असा: मोजमाप, साइजचा निर्णय, पिस्टन शॉपच्या हातात, मग बोअरिंग. डब्यावर छापलेल्या आकड्यावर बोअर कापणारं शॉप टाळा.

सगळेच ब्लॉक बोअर करता येतात का?

नाही. ओतीव लोखंडाचा ब्लॉक किंवा जाड लोखंडी लायनर असेल तर येतात. काही अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकच्या बोअरवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर असतो. निकासिल या नावाचा असा थर माहले कंपनीनं १९६७ मध्ये वँकेल (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरच्या) इंजिनांसाठी विकसित केला. तो कापला की खाली नुसतं मऊ अ‍ॅल्युमिनियम उरतं. अल्युसिल पद्धतीच्या ब्लॉकमध्ये भिंतीच्या धातूतच सिलिकॉनचे कडक कण असतात आणि कापल्यावर ते वर उघडे करण्याची वेगळी प्रक्रिया लागते. साध्या होनिंगनं ते बिघडतात. पिस्टनचा वरचा थरही त्या बोअरला जुळणारा हवा. असं इंजिन असेल तर ते काम पूर्वी केलेलं शॉपच शोधा.

क्रँकबद्दल काय विचारायचं?

तडा, सरळपणा आणि जर्नलची, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागांची मापं. या तीन गोष्टी.

जर्नल मायक्रोमीटरनं दोन दिशांत आणि दोन्ही टोकांना मोजतात. झीज मर्यादेत असेल तर नुसतं पॉलिश, नसेल तर ग्राइंडिंग करून ०.२५ किंवा ०.५० लहान साइज आणि त्या मापाचे शेल. सरळपणा बघायला क्रँक व्ही ब्लॉकवर ठेवून मधल्या जर्नलवर डायल गेज लावून हळूच फिरवतात. तडे बहुधा जर्नल जिथं गालाला (क्रँकच्या बाजूच्या सपाट भागाला) मिळतो त्या गोलाईत पडतात. ग्राइंडिंग करताना ती गोलाई मूळची तशीच राहिली पाहिजे. तिथं काटकोन झाला तर क्रँक तिथूनच तुटेल. एखादा जर्नल निळा पडला असेल तर तो जळाला आहे. अशा क्रँकचं ग्राइंडिंग तडा तपासल्याशिवाय आणि कडकपणा मोजल्याशिवाय करू देऊ नका. नायट्राइड केलेला (नायट्रोजननं पृष्ठभाग कडक केलेला) क्रँक असेल तर कडक थर पातळ असतो. ग्राइंडिंगमध्ये तो गेला तर पुन्हा प्रक्रिया लागते.

जर्नल आणि बेअरिंगमधली ऑइलची जागा किती हवी ते मॅन्युअल सांगतं. अंदाजाचा जुना नियम जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाचा, म्हणजे ५० मिमीच्या जर्नलला साधारण ०.०५ मिमी. नियम ढोबळ आहे. आजच्या इंजिनांत ही जागा बरेचदा त्याहून कमी असते.

रॉड आणि पिस्टन?

सिलिंडरमध्ये पाणी शिरून इंजिन अडकलं असेल तर प्रत्येक रॉडची लांबी आणि सरळपणा मोजून घ्या, डोळ्यांना सरळ दिसला तरी. ज्या रॉडची कॅप मुद्दाम तडकवून वेगळी केलेली असते, तिचे तुटलेले पृष्ठभाग एकमेकांत रुततात. ती घासून भोक पुन्हा गोल करण्याची जुनी पद्धत तिला चालत नाही. पिस्टनमध्ये पहिल्या रिंगेची खाच झिजली आहे का ते नव्या रिंगेनं आणि फीलर गेजनं बघतात. ताणून बसवायचे बोल्ट, मग ते हेडचे असोत की रॉडचे, मॅन्युअल नवे टाका म्हणत असेल तर नवेच टाका.

हे सगळं मी व्हर्नियरनं घरी मोजू शकतो का?

व्हर्नियर साधारण ०.०२ मिमी पर्यंत वाचतो, आणि बोअरच्या आत त्याचे जबडे गोल भिंतीवर नीट बसत नाहीत. जिथं निर्णय ०.०१ वर ठरतो तिथं तो पुरत नाही. बाहेरचा मायक्रोमीटर आणि बोअर गेज असेल, आणि गेज त्याच मायक्रोमीटरवर शून्य करायची सवय असेल, तर जरूर मोजा आणि शॉपच्या आकड्यांशी ताडून बघा.

तापमान विसरू नका. मोजमापाचं जागतिक प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. अ‍ॅल्युमिनियमचा ८० मिमीचा पिस्टन १० अंशांनी गरम झाला की सुमारे ०.०१८ मिमी वाढतो, आणि लोखंडी बोअर त्याच्या निम्माच वाढतो. उन्हात ठेवलेला पिस्टन आणि सावलीतला ब्लॉक एकत्र मोजले तर काही इंजिनांत निम्मी फट खोटी येईल. दोन्ही रात्रभर एकाच खोलीत ठेवून मोजतात ते याचसाठी.

शॉपकडून लेखी काय घ्यायचं?

सगळे आकडे. ‘बोअर गेलाय’, ‘क्रँक ठीक आहे’ ही वाक्यं झाली, अहवाल नाही. प्रत्येक सिलिंडरची सहा मापं, प्रत्येक जर्नलची मापं, हेड किती वाकलं आणि त्याची जाडी किती, व्हॉल्व्ह आणि गाइडमधली फट, प्रेशर टेस्ट किती दाबावर केली आणि काय दिसलं, तडा कुठल्या पद्धतीनं आणि कुठल्या भागांवर शोधला. प्रत्येक आकड्याशेजारी मॅन्युअलमधली मर्यादा. हातानं लिहिलेला कागद चालेल.

हा कागद असला की दुसरं मत घेता येतं, पार्ट नेमके मागवता येतात, आणि पुढे कधी इंजिन उघडलं तर झीज किती वेगानं झाली ते कळतं. तपासणीचे पैसे तुम्ही याच कागदासाठी देता.

शॉप म्हणतं सगळंच बदला. विश्वास ठेवायचा का?

आकडा आणि मर्यादा शेजारी ठेवून दाखवायला सांगा. तुमच्यासमोर एक-दोन मापं पुन्हा घ्यायला सांगा. प्रामाणिक कारागीर यानं रागावत नाही, उलट आनंदानं गेज हातात देतो. उलटही तेवढंच खरं: मर्यादेच्या अगदी काठावर असलेला भाग ‘चालून जाईल’ म्हणून परत बसवू नका. इंजिन खाली उतरवण्याची मेहनत एकदाच करायची असते.

दुसऱ्या गाडीतून निघालेलं इंजिन विकत घेतो आहे. विकणारा खोलू देत नाही.

मग बाहेरून जेवढं बघता येईल तेवढं बघा. क्रँकच्या बोल्टवर पाना लावून दोन पूर्ण फेरे हातानं फिरवा. कुठे अडकतं का, कुठे एकदम सैल पडतं का. ऑइलचं झाकण काढून आत गाळ किंवा पांढरट साय आहे का बघा. प्लग काढून त्यांच्या भोकातून कॅमेरा घाला: भिंतीवर उभे ओरखडे, गंजाचं वर्तुळ, पिस्टनवर व्हॉल्व्ह आपटल्याची खूण. तळाच्या बोल्टमधून थोडं ऑइल पांढऱ्या कागदावर काढा आणि उन्हात तिरकं धरून चमक शोधा. पाण्याच्या नळीच्या तोंडात गंज किंवा तेलकट थर आहे का ते बोटानं बघा.

हेडच्या किंवा ब्लॉकच्या टोकाला कधी कधी लहान गोल बटण चिकटवलेलं असतं. इंजिन तापलं की त्याचा मधला भाग वितळून जातो. तो गेलेला असेल तर हे इंजिन तापलं होतं, मग विकणारा काहीही म्हणो. ब्लॉकवरचा नंबर खरवडलेला असेल तर तिथूनच परत फिरा.

आणि परत करण्याची मुदत लेखी ठरवा: मशीन शॉपच्या तपासणीत तडा निघाला तर इंजिन परत. हे मान्य नसेल तर ते इंजिन बंद डब्यासारखं समजून, सगळं काम निघेल असं धरूनच त्याची किंमत लावा.

चांगलं मशीन शॉप ओळखायचं कसं?

मशीन किती नवी आहेत यावर जाऊ नका. ते तुम्हाला प्रश्न विचारतात का बघा: इंजिन का खोललं, कोड काय, कुठल्या वापरासाठी. गेज कुठे ठेवले आहेत बघा. कपड्यात गुंडाळून डब्यात असतील तर चांगलं, लेथच्या कचऱ्यात पडले असतील तर नाही. होनिंग करताना ब्लॉकवर हेडऐवजी जाड प्लेट कसतात का ते विचारा. हेडचे बोल्ट कसल्यावर बोअर किंचित विकृत होतो, म्हणून त्याच ताणाखाली होनिंग केलं की बांधल्यावर तो गोल राहतो. प्रत्येक इंजिनाला ती प्लेट लागतेच असं नाही, पण उत्तरावरून समज कळते. आणि ‘हे काम आमच्याकडे होत नाही’ असं जे शॉप स्पष्ट सांगतं, त्याच्याकडे बाकीची कामं निर्धास्त द्या.

किती वेळ लागतो?

नुसतं मोजणं लवकर होतं. वेळ जातो तो रांगेत, धुण्यात आणि पार्ट येण्यात. तपासणी झाली की कळवा आणि माझ्या होकाराशिवाय काही कापू नका, एवढं आधीच सांगून ठेवा.

शॉपमधून ब्लॉक धुऊन आला आहे. लगेच बांधू का?

नाही, पुन्हा धुवा. होनिंगच्या दगडाचे कण बोअरच्या बारीक रेघांत अडकलेले असतात आणि रॉकेल किंवा डिझेलनं ते निघत नाहीत, नुसते इकडून तिकडे सरकतात. गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रश. प्रत्येक बोअर घासा, ऑइलच्या वाटांतून लांब ब्रश फिरवा, हवेनं वाळवा. मग ऑइल लावलेला पांढरा कपडा बोअरमध्ये फिरवून बघा. तो करडा निघाला तर पुन्हा धुवा. पांढरा निघेपर्यंत. मग लगेच ऑइलचा हात फिरवा, कारण ताजा कापलेला लोखंडी बोअर थोड्याच वेळात गंजू लागतो.

काढलेले ऑइलच्या वाटेचे प्लग परत बसले आहेत का, एकूण एक, ते मोजा. टायमिंगच्या कव्हरमागे लपलेला एक जरी राहिला तरी ऑइल प्रेशर येत नाही, आणि तो बसवायला पुढचं सगळं पुन्हा उतरवावं लागतं.